अ की द

सिग्नल येतो तो फक्त टेकडीवर,
मोठ्या दगडाच्या डावीकडे, दोन पावलं.
तिथं उभी राहून मी भाचीचा आवाज उतरवून घेते,
नारिनहून पाठवलेला, दिवसाला एक धडा.
खाली सोंग-कुल तलाव पसरलेला
आणि कानात सेझिम:
मावशी, म्हण. धिस इज अ केटल. द केटल इज हॉट.
केटल खरंच तापलेली असते,
पण ती खाली, नमद्याच्या तंबूत.

कागदाच्या पट्ट्या कापल्या, पिठाच्या खळीनं डकवल्या.
स्टोव्ह. स्पून. सॅडल. डोअर.
दाराची पट्टी वाऱ्यानं नेली.
तेव्हापासून ओपन द, इतकंच आठवतं,
पुढं नुसती थंडी.
कायमाकला त्यांच्यात शब्द नाही म्हणे, क्रीम म्हण.
म्हटलं, बरं.
पाहुण्यांना क्रीम म्हणून वाढलं,
त्यांनी कायमाकच चाटूनपुसून खाल्लं.

काही गोष्टी लगेच पटल्या.
वन शीप, टेन शीप.
शहाणी माणसं! आमच्यातही हेच,
बिर कोय, ऑन कोय.
दहा म्हटलं की दहा झाल्या,
मेंढीला आणखी एक शेपूट कशाला?

ही आणि शी मात्र नाही पटले.
आमच्यात बाप, सून, चंद्र, लांडगा,
सगळ्यांना एकच अल.
मी सुनेला ही म्हणते
आणि परवा मेलेल्या नवऱ्याला शी म्हणून बसले.
बेल्जियमची सायकलवाली बाई हसली नाही.
नवरा असता तर हसला असता.

पण सगळ्यांत वाईट ते अ आणि द.
माशीएवढे शब्द.
बसलेले दिसत नाहीत,
उडाले की वाक्य खोटं पडतं.
सेझिमनं नियम सांगितला:
पहिल्यांदा भेटलं तर अ. ओळख झाली की द.
मी विचारलं,
आणि जन्मल्यापासून ओळख असेल तर?

तीन दिवस वादळ होतं.
टेकडीवर जाता आलं नाही.
गारा नमद्यावर अशा वाजत होत्या
की मी तंबूच्या आत ओरडून धडे म्हटले:
आय हॅव, यू हॅव, आणि तिसऱ्याला हॅज.
तिसऱ्या रात्री घोडी परतली नाही.

ओढ्याच्या कडेला सापडली.
बाकीचं सांगत नाही.
शिंगरू शेजारी उभं होतं, ओलं,
काही खायचं विसरलेलं.

सकाळी पाहुण्यांनी विचारलं, आज कुमिस नाही?
मी पट्ट्या नजरेनं गोळा केल्या,
स्टोव्हवरून, खोगिरावरून,
आणि वाक्य उभं केलं. अ हॉर्स डाइड.
ओह, सॉरी, ती बाई म्हणाली
आणि पावाला जॅम लावू लागली.
तिची चूक नव्हती.
माझ्या वाक्यात मेली होती कुठलीशी घोडी,
कुणाची तरी, रस्त्याकडेला,
सायकलवरून जाताना दिसते तशी.

मी चमचा खाली ठेवला.
नो, म्हटलं. द हॉर्स.

सुरी पावावर थांबली.
नवऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली,
आत बसूनही घातलेली.
ती बाई हळूच म्हणाली, नेम?
हा शब्द मला पहिल्या दिवसापासून येतो.
तोरू काश्का, मी सांगितलं,
आणि कपाळावर बोट ओढून दाखवलं
पांढरा पट्टा कुठून कुठवर होता ते.

दुपारी टेकडीवर गेले.
सेझिमचं उत्तर तीन दिवस तिथंच अडकून पडलेलं:
मावशी, मग नाव असतं ना.
नावाच्या आधी काहीच लावायचं नाही.

दोनदा ऐकलं. फोन बंद केला, बॅटरी वाचवायला.
खाली येताना शिंगरू मागं मागं,
बाहीचं टोक चोखत,
गाईचं दूध त्याला अजून पटत नाही.
एक पट्टी उरली होती, कोरी.
खळही होती थोडी.
तेव्हा लक्षात आलं,
शिंगराला काय म्हणतात
ते विचारायचं राहिलं.